गट नंबर एकोणनव्वद

माझ्या चित्रवहीचे तीन नियम आहेत. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं. फोनवर फोटो घेऊन घरी त्यावरून चित्र करायचं नाही. आणि वही कुणाला दाखवायची नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मी चार दिवस राहून आले, त्यात पहिले दोन नियम टिकले. तिसरा मोडला. तो मोडला नसता तर एका टिटवीची चार अंडी नांगराखाली गेली असती.

वहीत मी झाडं, पक्षी, किडे काढते. शेजारी वेळ, जागा, वारा, ऊन यांच्या नोंदी करते. नोंदी इंग्रजीत, कारण शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी घरी बोलते, वाचते, हल्ली लिहितेही. पण एका जागी माझा पाय हमखास घसरतो, तो म्हणजे आकडे. तिसापर्यंत ठीक. त्यापुढचा आकडा कुणी मराठीत उच्चारला की मी मान डोलावते आणि मनात अंदाज बांधते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

केंदूर, गुरुवार

केंदूर हे वैशालीचं गाव. वैशाली माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसते. आम्ही दोघी जाणार होतो, पण निघायच्या आदल्या दिवशी तिची रजा रद्द झाली. "तू जा गं एकटी. आई-आप्पा आहेत की," ती म्हणाली. मी म्हणजे रिक्षावाल्याला 'इथं थांबवा' सांगायचं वाक्य दोन चौक आधीपासून मनात घोकणारी मुलगी. एसटीत पाबळ मागं पडेपर्यंत मी 'केंदूरला उतरवा' घोकत होते.

एप्रिल संपत आला होता. कांदा नुकताच काढून झाला होता आणि घराघरांपुढच्या कांदा साठवायच्या चाळी गच्च भरल्या होत्या. सगळ्या गावाला कांद्याचा गोडसर, कोरडा वास येत होता. स्टँडपासून घरापर्यंत तिघांनी मला अडवून विचारलं, "कुणाची गं तू?" पुण्यात आमच्या इमारतीत समोरच्या दारातल्या काकांना पाच वर्षांत माझं नाव माहीत झालेलं नाही. इथं नावाची कुणाला गरजच नव्हती. 'वैशालीची मैत्रीण' एवढं सांगितलं की तिघंही खूश झाले आणि तिघंही माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले.

आप्पा म्हणजे वैशालीचे वडील. उंच, सडपातळ, बोलताना एक भुवई वर. काकू ठेंगण्या आणि सदा घाईत. पाणी देता देताच त्यांनी विचारलं, "मासवडी केलीय. आवडती ना?"

मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "काकू, मी मासे खात नाही."

काकूंनी तोंडाला पदर लावला. आप्पांची भुवई आणखी वर गेली. "अवो म्याडम, आमच्या मासवडीनं जन्मात नदी बघितलेली न्हाई."

शिजवलेलं बेसन थापून त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, गुंडाळी करायची आणि तिच्या माशासारख्या वड्या पाडायच्या. वर डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. मी तीन वेळा वड्या घेतल्या. लाज गेली नव्हती, पण भूक तिच्यापेक्षा मोठी निघाली.

जेवताना आप्पांनी विचारलं, "तुमाला पाखरं बघायचीत, व्हय ना? मग सकाळी एकोणऐंशीत जा. चिंचा हायत, विहीर हाय. पाच-सहा मोर रोज उतरत्यात."

इथं प्रत्येक जमिनीच्या तुकड्याला गट नंबर असतो, आणि माणसं आपल्या रानांना त्या नंबरांनीच हाक मारतात. मी मान डोलावली. एकोणऐंशी. त्यात ऐंशी ऐकू आलं, 'एकोण'मध्ये कुठंतरी नऊ असतो हे आठवलं. ऐंशीवर नऊ. वहीत लिहिलं, Gat 89.

केंदूर, शुक्रवार

परत विचारावं लागू नये म्हणून मी मोबाईलवर गावाचा गट नंबरांचा नकाशा उघडला. ८९ घराच्या मागंच होता, हाकेच्या अंतरावर. पण तिथं चिंच नव्हती, विहीर नव्हती. होता एक मुरमाड, उघडाबोडका माळ, एका अंगाला चढत गेलेला. कडेला एकच बाभूळ, आणि पलीकडं फुटक्या पाइपातून ठिबकणारं पाणी. मोर येतील म्हणून बाभळीखाली तासभर बसले. मोर ओरडत होते, पण लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या वाट्याला आली ती टिटवी. काळं डोकं, लाल चोच, पिवळे लांब पाय. ती डोक्यावरून घिरट्या घालत इतकी किंचाळत होती की मला वाटलं, मी काहीतरी गुन्हा केलाय.

मी हलले नाही. हे एक काम मला चांगलं जमतं. वीसेक मिनिटांनी ती चढाच्या बाजूला उतरली. चार पावलं चालायची, थांबायची, उगाच भलतीकडं बघायची. मग पुन्हा चार पावलं. शेवटी ती एका जागी पाय दुमडून बसली. तिथं काहीच नव्हतं, नुसता मुरूम.

ती पाण्याकडं गेल्यावर मी बेतानं जवळ गेले. जमिनीत बशीएवढा खळगा, त्यात खड्यांची पखरण आणि चार अंडी. चारींची निमुळती टोकं आत, मधोमध जुळलेली. रंग मुरमाचा, त्यावर काळपट शिंतोडे. दोन पावलांवर उभी असूनही मी एकदा डोळे मिचकावले आणि अंडी हरवली. पुन्हा सापडेपर्यंत पाय हलवायची भीती वाटली.

लगेच मागं फिरले. बाभळीपर्यंत पावलं मोजली आणि झाडाखाली बसून पानभर चित्र काढलं. झाड, त्याची लांब पडलेली सावली, खळगा, त्याला लागून एक पांढरा चमकदार दगड, मागं वारूळ. कडेला वेळ, ९.४०. दुपारी ऊन तापल्यावर आणखी एक गोष्ट पाहिली. टिटवी पाइपाखालच्या डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. माळ भट्टीसारखा भाजत होता, म्हणून ती अंडी गार करत होती. आजवर माझ्या वहीत पक्षी नुसते बसलेले असत. काहीतरी करणारा हा पहिला. ते पान उलटून उलटून बघत मी घरी आले.

"दिसलं का मोर?" आप्पांनी विचारलं.

"आवाज ऐकला," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. अंड्यांचं मी बोलले नाही. आपल्याला सापडलेली गोष्ट झाकून ठेवायची ही माझी जुनी सवय.

जेवताना आप्पा काकूंना म्हणाले, "उद्या एकोणनव्वदला नांगर घालायचाय. महादूचा ट्रॅक्टर सांगितलाय." मी भाकरी मोडत मनात हिशेब केला. नव्वदवर नऊ, म्हणजे नाइंटी-नाइन. कुठलं तरी लांबचं रान असेल. आणि मी निवांत झोपले.

दौंड, शनिवार

आप्पांचे बालमित्र गायकवाड मामा नोकरीपायी केंदूर सोडून दौंडला गेले ते तिथलेच झाले. दौंड जंक्शनच्या सिग्नल केबिनमध्ये उभी नोकरी झाली. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी भीमेच्या काठावर पाखरं बघत बसतात. 'माझ्या दोस्ताकडं जाऊन या, तुमच्याच जातीचा येडा हाय,' असं सांगून आप्पांनी मला पहाटेच्या गाडीत बसवून दिलं होतं.

दारात मामांनी "जय भीम" म्हटलं. मीही म्हटलं, जरा अडखळत. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्याखाली अजून सेकंदाला सेकंद चालणारं मोठं घड्याळ. चहा घेऊन आम्ही लगेच नदीवर गेलो. भीमेच्या पात्रात जागोजाग जलपर्णी पसरली होती, आणि मधल्या उथळ पाण्यात शेकाटे आपल्या काडीसारख्या लालसर पायांवर चालत होते. पुलावरून गाडी गेली. मामांनी मनगट बघितलं.

"बारा मिन्टं लेट."

"अजून बघता?"

"हात ऐकत न्हाई बाळ. तीस-बत्तीस वर्षं गाडी गेली की वेळ लिहिली. आता गाड्या दुसरं कुणीतरी लिहितंय, म्हणून मी पाखरं लिहितो."

त्यांनी पिशवीतून लांबट वही काढली. रेल्वेच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेले. ०६.४०, शेकाटे अकरा, आले. ०६.५५, राखी बगळा एक, गेला. पान भरून पाखरांचं येणं-जाणं. चित्र एकही नाही.

"वेळ आधी लिहायची," मामा म्हणाले. "मग बघणाऱ्याचं नाव. वेळ आन् नाव नसलं तर ती नोंद न्हाई, गप्पा हायत."

त्यांनी आपली वही माझ्या हातात दिली होती. माझी मागितली नव्हती. मी अर्धा तास पिशवीचा बंद धरून बसले होते. मग जेवणावर, मामी वाढत असताना, मी वही काढली आणि मामांपुढं सरकवली. 'मासे खात नाही' ही बातमी काकूंनी फोन करून दौंडपर्यंत पोहोचवली होती, म्हणून मामींनी अंड्याचं कालवण केलं होतं.

मामांनी हात धुतले, चष्मा लावला आणि टिटवीचं पान उघडलं. ते आधी हातभर लांब धरलं, मग डोळ्यांजवळ आणलं. माझे कान तापले.

"ह्ये अंडं हातात घ्यावंसं वाटतंय," शेवटी ते म्हणाले. मग कडेची नोंद बोटानं वाचली. "नऊ चाळीस. बरोबर. गट एकोणनव्वद. म्हंजी आप्पाचा माळ."

माझा घास तोंडातच राहिला. "मामा, काय म्हणालात? हा तर... एटी-नाइन आहे."

"व्हय. एकोणनव्वद."

"एकोणनव्वद म्हणजे नाइंटी-नाइन ना?"

"ते नव्व्याण्णव. एकोणनव्वद म्हंजी नव्वदला एक कमी."

"मग एकोणऐंशी?"

"ऐंशीला एक कमी. सेव्हंटी-नाइन. का गं?"

'एकोण' म्हणजे एक कमी. मी वर चढत राहिले होते, आकडे खाली उतरत होते. मोर ७९ मध्ये होते. मी ८९ मध्ये बसले होते. आणि आज नांगर ८९ मध्ये होता. माझ्या ताटात कालवणातलं अर्धं अंडं होतं. त्याच्याकडं मला बघवेना.

मी आपणहून फोन करत नाही, मेसेज करते. त्या दिवशी मी उभी राहिले आणि फोन लावला. आप्पा कामासाठी शिरूरला गेले होते, त्यांचा लागला नाही. काकूंनी उचलला.

"काकू, मी ईशा. एकोणनव्वदमध्ये टिटवीची अंडी आहेत. चार. काल पाहिली, पण मी सांगितलं नाही. ट्रॅक्टर थांबवा."

"अगं माझे बाई! महादू अकरालाच आलाय. खालच्या अंगानं अर्धं रान झालं बी."

"अंडी चढाला आहेत. वरच्या बाजूला."

"मग ऱ्हायली असत्याल. थांब, निघाले." चपलांचा आवाज, धाप, मग ट्रॅक्टरची घरघर जवळ येत गेली. "ए महादूऽऽ! बंद कर! बंद कर म्हन्ते ना!" घरघर थांबली. लांबून पुरुषाचा आवाज आला, "काय झालं, वयनी? साप निघाला का?"

"टिटवीची अंडी हायत म्हणं!" काकू फोनकडं वळल्या. "पर घावायची कशी गं? रानात जन्म गेला तरी ती अंडी पायाखाली येईस्तवर दिसत न्हाईत. आन् महादूला पाबळला दुसरं रान हाय, त्यो किती थांबंल?"

व्हिडिओ कॉल दोनदा गोठला. मी वहीचं पान पंख्याखाली धरलं, त्याचा फोटो काढला आणि काकूंना पाठवला. तिसरा नियम पुरता मोडला.

"आलं. ह्ये काय मुंग्यांची रांग लावलीयस? मला विंग्रजी न्हाई येत. वाच."

मी फोन स्पीकरवर ठेवला. "बाभळीपासून अप द स्लोप..."

"ते मला कळंना. उगवतीला का मावळतीला?"

मला आठवेना. मामा पानावर वाकले. "सावली बघ की. तूच काढलीयस. सकाळी नऊ चाळीसची सावली कुठं पडल? मावळतीकडं. अंडी सावलीच्याच अंगाला हायत." मग फोनमध्ये मोठ्यानं, "वहिनी, बाभळीला पाठ लावा. मावळतीकडं तोंड करा."

"केलं. पावलं किती?"

मी उत्तर देताना स्वतःवर विश्वास ठेवला नाही. "ट्वेंटी-टू. दोनावर दोन."

"बावीस म्हण की, मी काय येडी हाय?" काकू मोजत निघाल्या. अठरा, एकोणीस, वीस. "तुझी पावलं का माझी गं? मी बुटकी हाय."

"माझी! काकू, तिथंच थांबा, पुढं पाय टाकू नका. आता पांढरा, चमकणारा दगड शोधा."

"गारगोटी म्हण. हितं छप्पन गारगोट्या पडल्यात." थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. "थांब. चित्रातली बसल्या म्हशीवानी हाय, शिंग मोडलेल्या. ही... न्हाई. ही बी न्हाई." मग एकदम टिटवीची किंकाळी फोनमधून आमच्या स्वयंपाकघरात शिरली. "आरं हीच की! शिंगमोडी म्हैस! आन् तिच्या म्होरं... घावली! घावली गं पोरी! चारी हायत! हुबेहूब तुझ्या कागदावानी, टोकं आत!"

मामींनी टाळी वाजवली. मामांनी चष्मा काढला आणि उगाच पुसला. मी खाली बसले. मला रडू येत नव्हतं, मला ओरडावंसं वाटत होतं. आणि मी खरंच ओरडले, परक्याच्या घरात, भर दुपारी. काय ओरडले ते आठवत नाही.

मामांनी घड्याळाकडं बघून आपल्या वहीत लिहिलं, "१३.५२. अंडी चार, सुखरूप. बघणारी, वहिनी." मग मला म्हणाले, "कालवण गार झालं. खा आता. ही अंडी कोंबडीची हायत."

केंदूर, रविवार

दुसऱ्या दिवशी मी परतले, तेव्हा एकोणनव्वदच्या बांधावर दहा-पंधरा माणसं उभी होती. सगळा माळ नांगरून तांबूस झाला होता. फक्त चढाच्या बाजूला न नांगरलेलं एक बेट राहिलं होतं. नांगराची तासं सरळ येत होती, तिथं वळसा घेत होती आणि पुढं पुन्हा सरळ होत होती. बेटाच्या मधोमध टिटवी बसली होती, ऐटीत.

महादू हा चाळिशीतला गडी मिशीला हात लावून उभा होता. "म्याडम, इस वर्षं ट्रॅक्टर हाकतोय. माझं तास आजवर कवा वाकडं झालं न्हाई. तुमच्यामुळं झालं."

"सॉरी," मी म्हटलं.

"सॉरी काय? फोटू काढून बायकोला दावला."

लोकांची चर्चा वेगळीच चालली होती. टिटवीनं अंडी चढाला घातली की पाऊस भरपूर, सखल जागी घातली की कमी, असं इथं मानतात. त्यामुळे बेटापेक्षा ते किती उंचावर आहे यावर वाद रंगला होता. एक आजोबा नीट बघायला नांगरटीत उतरू लागले. टिटवी उठली. आणि मी, चार माणसांत पाणी मागायला लाजणारी मी, मोठ्यानं म्हणाले, "आबा, बांधाच्या अलीकडं थांबा! ती उडाली तर अंडी उन्हात भाजतील!"

आबा थांबले. सगळेच एक पाऊल मागं सरले.

मग वही काकूंच्या हातात गेली, काकूंकडून आबांकडं, तिथून महादूकडं. मी बघत उभी राहिले. कुणी हसलं नाही. कुणीतरी विचारलं, "आमच्या बैलाचं काढशील का?" पानांना मातीचे अंगठे लागले. ते मी पुसले नाहीत.

हसले ते आप्पा, तेही चित्रांवर नाही, मामांनी फोनवर सांगितलेल्या माझ्या आकड्यांवर. चहाच्या प्रत्येक घोटामागं परीक्षा सुरू झाली. "म्याडम, एकोणसत्तर?"

"सिक्स्टी-नाइन."

"एकोणपन्नास?"

"फॉर्टी-नाइन."

"पास! आता जा एकोणऐंशीत. मोर तीन दिस झालं वाट बघत्यात."

मी गेले. चिंचा होत्या, विहीर होती, सात मोर होते. छान होते. पाच मिनिटं बघितले आणि परत एकोणनव्वदच्या बांधावर येऊन बसले. नांगरलेला माळ, वळलेली तासं आणि मधली टिटवी असं दोन पानांवर पसरलेलं चित्र काढलं. नोंद पहिल्यांदाच मराठीत केली. गारगोटी, वारूळ, तास, उगवत, मावळत. आणि वर अक्षरी, 'गट नंबर एकोणनव्वद'.

पुण्याला येऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी आंघोळीला जाणार तेवढ्यात काकूंचा फोन आला. मागं टिटव्या कालवा करत होत्या.

"ऐकतीस ना? निघाली! आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. अंड्यातून बाहेर आली न् लगेच पायावर, कापसाच्या गोळ्यावानी पळत्यात. चारच्या चारी!" काकू थांबल्या. "आन् चार म्हंजी चारच बरं का. चौदा लिहून ठिवशील."

मी वही उघडली. पहिला नियम मोडायचा नव्हता. पिल्लं मी पाहिली नव्हती, म्हणून चित्र काढलं नाही. पान कोरं ठेवलं आणि खाली लिहिलं, 'सकाळी सात वाजून दहा मिनिटं. टिटवीची पिल्लं, चार. पाहणारी, काकू.' मग पानाचा फोटो काढून त्यांना पाठवला. या वेळी त्यांना कुणी वाचून दाखवावं लागलं नाही.